लोडाची गाय

मांजरात पास झाली, कुत्र्यात पास झाली, घोड्यातसुद्धा पास झाली आणि गायीत नापास झाली. हे वाचून ज्यांना हसू येतंय त्यांनी खुशाल हसावं, कारण डॉक्टरबाईच्या सासूबाईही आधी हसल्याच होत्या. मग सुनेचं तोंड बघून त्यांनी पदर ओठांवर घेतला, एवढंच.

डॉक्टरबाईचं अख्खं आयुष्य गाईम्हशींत गेलेलं. आपल्या मुलखात असताना तिने मांजर पाहिलं असेल ते गोठ्यात जाताना आडवं आलं म्हणून, आणि घोडा पाहिला तो लांबूनच. गिनीपिग नावाचं जनावर तर तिला इथे आल्यावर पुस्तकात भेटलं. त्याचे दात जन्मभर वाढत राहतात हे वाचून ती इतकी खूश झाली की दोन दिवस घरात ज्याला त्याला तेच सांगत सुटली. तो विषयही पहिल्या फटक्यात सुटला. अडली ती गायीत. पट्टीच्या पोहणाऱ्याने गुडघाभर पाण्यात गटांगळ्या खाव्या, तसली गत.

आता ती इथे आली कशी, तर नवऱ्यामागून. नवरा पुलांचा इंजिनिअर. त्याला इथे नोकरी लागली, तो आला, टोपी घालून दुसऱ्या दिवशी कामावर हजर. पुलाखालच्या नदीने त्याला 'तू कुठल्या कॉलेजचा' असं विचारलं नाही. गायीच्या अंगाला हात लावायचा म्हटला की मात्र इथल्या पशुवैद्यक मंडळाचा परवाना हवा, आणि तो काही झाडाला लागलेला नसतो. आधी जुन्या कॉलेजने आपले कागद आपल्या हाताने पाकिटात घालून, लाख लावून परस्पर पाठवायचे. मग इथली भाषा येते का याची परीक्षा. मग दिवसभराची लेखी. आणि हे सगळं पार पडलं की प्रात्यक्षिक: खरी जनावरं, खरी भूल, खरं ऑपरेशन, आणि प्रत्येक टेबलाशी पेन्सिल घेऊन उभा असलेला एक परीक्षक.

तोवर करायचं काय? तोवर ती शहरातल्या एका जनावरांच्या दवाखान्यात मदतनीस म्हणून लागली. टायरचं दुकान आणि दातांचा दवाखाना यांच्या मधोमध तो दवाखाना होता. तिचं काम धरण्याचं. कुत्र्याचं डोकं धरायचं, मांजराचे पाय धरायचे, सशाचे कान धरायचे नाहीत हे लक्षात ठेवायचं. इंजेक्शन देणार तो तिथला तरुण डॉक्टर. वयाने तिच्यापेक्षा बराच लहान, स्वभावाने लाख माणूस. घरी सासूबाई तिला थट्टेने 'आमची धरणारी' म्हणायच्या. ती हसायची. पण एकदा एका कुत्र्याच्या मालकाने तिला विचारलं, "डॉक्टर कधी येतील?" आणि ती "येतीलच आता," म्हणून बाजूला झाली, तेव्हा आतल्या खोलीत जाऊन ती बराच वेळ तोच टॉवेल पुन्हा पुन्हा घड्या घालत बसली. वाईट वाटलं होतं, दुसरं काही नाही.

एक खरं की बाईला रुसून बसण्याची सवय नव्हती. तिला प्रश्न पडायचे. इथे वजनकाटा जमिनीत का पुरलेला? फाइलवर मालकाच्या नावाच्या आधी कुत्र्याचं नाव का? मांजराला तपासायच्या आधी पाच मिनिटं नुसतं त्याच्याकडे न बघता का बसतात? तरुण डॉक्टरला ती विचारून विचारून हैराण करायची, आणि त्यालाही ते आवडायचं, कारण यातलं निम्मं का करतो हे त्यानेही कधी स्वतःला विचारलं नव्हतं.

तर गायीत ती नापास झाली ती अशी. परीक्षकाने सांगितलं, गाय तपासा. तिने खांद्यापर्यंतचा हातमोजा चढवला, गायीच्या शेपटीच्या मुळाशी थाप मारून 'मी आलेय' असं कळवलं, आणि शेणाच्या वाटेने हात आत घातला. मग तिने डोळे मिटले. हात आत गेला की ती डोळे मिटायचीच. तिचं सगळं बघणं मग बोटांत उतरायचं. सगळं चाचपून झाल्यावर हात बाहेर काढला, मोजा उलटा करून टाकला आणि म्हणाली, "तीन महिन्यांची गाभण. वासरू उजव्या बाजूला. बाकी गाय ठणठणीत."

एकूण एक अक्षर बरोबर होतं. आणि परीक्षकाच्या कागदावर भोपळा होता.

"इथे जे बोललं नाही ते केलं नाही असं धरतात," तरुण डॉक्टरने तिला नंतर समजावून सांगितलं. "हात कुठे आहे, काय चाचपताय, काय लागलं, सगळं तोंडाने सांगत राहायचं. परीक्षकाला गायीच्या आतलं कसं दिसणार?"

"पण उत्तर बरोबर आलं ना?"

"उत्तराला एकच मार्क असतो हो. बाकी सगळे वाटेला असतात."

आता तिचीही बाजू ऐका. ती गप्प राहायची ते काही तोंडाला कुलूप होतं म्हणून नाही. तिला तसं शिकवलेलं होतं. ती नवी नवी लागली तेव्हा ज्यांच्या हाताखाली होती त्या मोठ्या डॉक्टरसाहेबांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं: हात आत असेपर्यंत तोंड उघडायचं नाही. मालक समोर उभा असतो. त्याचा जीव तुझ्या भुवईवर टांगलेला असतो. तू नुसतं 'हं' म्हटलंस तरी त्याला घाम फुटतो. तेव्हा हात बाहेर आला, मोजा उतरला, की मग एकदाच काय ते बोलायचं. वीस-बावीस वर्षं ती तशीच वागली, आणि गावोगावचे लोक म्हणायचे, बाई बोलत नाही, पण बोलली की दगडावरची रेघ. तिकडे जी तिची अब्रू होती, तीच इथे तिच्या मुळावर उठली.

प्रत्येक विषयाला दोनच संधी. दुसऱ्यांदा गायीत घसरलं की सगळंच रद्द. लाखेच्या पाकिटापासून पुन्हा श्रीगणेशा. तिने जेवताना घरात सांगून टाकलं, "मी परत पहिल्यापासून करणार नाही. या वेळी झालं तर डॉक्टर, नाहीतर मी धरणारीच राहीन. मग मला कोणी समजवायला यायचं नाही."

नवऱ्याने तोंडातला घास गिळला आणि सासूबाईंकडे पाहिलं. बाई एकदा असं म्हणाली की ते तसंच होतं, हे दोघांनाही माहीत होतं.

तिला मात्र एक प्रश्न छळत होता: हे लोक काम करताना बोलायला लावतात ते का? परीक्षकाला दिसत नाही म्हणून, हे काही तिला पटलं नव्हतं. कारण परीक्षा संपल्यावरही इथले डॉक्टर बोलतच असतात. तरुण डॉक्टर मांजराच्या पोटावर हात ठेवून एकटाच पुटपुटायचा, "यकृत, ठीक. डावी किडनी, ठीक. मूत्राशय, थोडं भरलेलं." तिने त्याला विचारलं तर म्हणाला, "उद्या काही बिनसलं आणि मालक कोर्टात गेला, तर?" कोर्टासाठी माणूस मांजराशी बोलेल हे तिला खरं वाटेना. नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "आमच्याकडे क्रेनवाला वरून ओरडूनच सांगतो, नाहीतर खालच्याच्या डोक्यात तुळई पडायची." हे ठीक होतं, पण गायीच्या आत तुळई कुठे असते?

शेवटी सासूबाईंनी हा विषय आपल्या हातात घेतला. सासूबाई म्हणजे निवृत्त टेलिफोन ऑपरेटर. कानाला हेडफोन लावून, समोरच्या फळीत वायरी खुपसत त्यांनी नोकरी केली होती, आणि तीन मिनिटं झाली की परक्यांच्या भांडणात, रडण्यात, लग्नाच्या बोलण्यात तोंड घालून "वेळ संपली, वाढवायची का?" असं निर्विकारपणे विचारलं होतं. निवृत्तीनंतर त्यांच्या बोलण्याला फळी उरली नव्हती, त्यामुळे ते घरभर वाहायचं.

"तुझं काय चुकतं ते मला कळलंय," त्या म्हणाल्या. "लाइनवर शांतता झाली की समोरचा म्हणतो कट झाला. तो फोन ठेवून देतो. तुझ्या परीक्षकाने फोन ठेवून दिला."

"आई, पण हाताला जे कळतं त्याला शब्दच नसतात."

"मग शोध. बोलणाऱ्याची बोरं विकली जातात, आणि तू गव्हाचं पोतं घेऊन गप्प बसलीयस."

गाय घरात आणता येत नव्हती. तिसरा मजला, लिफ्टही छोटी. सासूबाईंनी सोफ्यावरचा लोड उचलला. चांगला हातभर जाड, करड्या रंगाचा लोड, एका टोकाला चेन असलेली खोळ. तो त्यांनी दोन खुर्च्यांच्या पाठींवर आडवा ठेवला, चेन उघडली आणि म्हणाल्या, "ही घे गाय. मी पाठ करून बसते. मला काही दिसत नाही. सांग."

डॉक्टरबाईने हात लोडात घातला आणि गप्प उभी राहिली.

"हॅलो," सासूबाई भिंतीकडे बघत म्हणाल्या. "हॅलो, आवाज येत नाहीये."

पहिले काही दिवस दोघींची हसून हसून पुरेवाट झाली. एका संध्याकाळी नवरा दार उघडून आत येतो तो बायको खांद्यापर्यंत लोडात, आई भिंतीकडे तोंड करून, आणि बायको इथल्या भाषेत गंभीरपणे सांगतेय की गर्भाशयाचं तोंड हाताला लागलं, ते घट्ट आहे आणि सरकतं आहे. त्याने डबा ओट्यावर ठेवला, बूट न काढताच विचारलं, "काय होणार आहे? कालवड की गोऱ्हा?"

"रिकामी आहे," सासूबाई म्हणाल्या. "तू बूट काढ."

पण बाई शिकली. हळूहळू शब्द सापडायला लागले. इथल्या भाषेतला 'सरकता' सापडला, 'लिबलिबीत' सापडला, 'पिकल्या फळासारखा मऊ' असं म्हणतात हेही तरुण डॉक्टरने सांगितलं. क्रम पक्का झाला: गर्भाशयाचं तोंड, मग गर्भाशय, मग त्याच्या शिंगासारख्या वळलेल्या दोन फांद्यांतलं उजवं शिंग, उजवं अंडाशय, मग डावं शिंग, डावं अंडाशय. प्रत्येकापाशी काय म्हणायचं तेही ठरून गेलं. "उजवं अंडाशय, बदामाएवढं, गुळगुळीत, नॉर्मल. डावं अंडाशय, बदामाएवढं, गुळगुळीत, नॉर्मल." भाजी चिरताना म्हणायची, बसमध्ये म्हणायची, झोपताना पुटपुटायची. सासूबाईंचं समाधान झालं. "आता कसं," त्या म्हणाल्या, "कुठे खरखर नाही, कुठे तुटत नाही."

लोडात कापूस होता. लोडात सगळं नेहमी नॉर्मलच असतं. ही साधी गोष्ट त्या तिघांपैकी एकाच्याही ध्यानात आली नाही.

परीक्षेचा गोठा शहराबाहेर होता. सिमेंटची स्वच्छ जमीन, रबरी चटया, भिंतीला गुंडाळून ठेवलेली पाण्याची नळी, आणि मुरघासाचा, म्हणजे मुरवलेल्या ओल्या चाऱ्याचा, आंबूस वास. त्या वासाने तिला एकदम बरं वाटलं. सगळ्या जगात गोठ्याचा वास तोच असतो. गाय काळीपांढरी, मोठ्या हाडाची, कानात बिल्ला, खोड्यात उभी. गाय तपासताना हलू नये म्हणून तिला ज्या लोखंडी चौकटीत उभं करतात तिला आपल्याकडे खोडा म्हणतात. इथे काय म्हणतात ते तिने पाठ केलं होतं, पण मनात तिच्या खोडाच होता. परीक्षक वयस्कर, गुडघ्यापर्यंत बूट, गळ्यात घड्याळ, आणि चेहरा असा की याच्या घरी भांडण झालंय की लॉटरी लागलीय काही कळू नये.

"सुरू करा," तो म्हणाला.

तिने सुरुवात केली, आणि खरं सांगायचं तर तिची तिलाच गंमत वाटली. तोंड नुसतं चालत होतं. मी हिला दिसेन अशा बाजूने पुढे येतेय. ती चारही पायांवर सारखा भार देतेय. डाव्या कुशीवर कान लावतेय, पोट हलतंय, आवाज ठीक. डोळ्याची आतली बाजू गुलाबी, ओलसर. परीक्षकाची पेन्सिल तिच्या बोलण्यामागोमाग कागदावर टिकटिक करत होती. तिने मोजा चढवला, त्याला वंगण लावलं, तेही सांगितलं. हात आत गेला. ऊब लागली. या उबेसाठी आपण किती आसुसलो होतो हे तिला तेव्हा कळलं.

"गर्भाशयाचं तोंड. घट्ट, सरकतं. गर्भाशय, रिकामं, दोन्ही शिंगं सारखी. गाय गाभण नाही. उजवं अंडाशय, बदामाएवढं, गुळगुळीत, नॉर्मल. डावं अंडाशय, बदामाएवढं, गुळगुळीत, नॉर्मल."

पेन्सिलने दोन खुणा केल्या.

आणि डॉक्टरबाई थांबली. कारण तिचा हात अजून उजवीकडेच होता.

उजवं अंडाशय बोटांत होतं. डावीकडे ती गेलीच नव्हती. मग ते बोललं कोण? तिने स्वतःचंच वाक्य पुन्हा ऐकल्यासारखं ऐकलं, आणि तिला भीती वाटली. ते वाक्य लोडाचं होतं. तोंड हाताच्या पुढे निघून गेलं होतं आणि वाटेत तिला न विचारता एक बातमी देऊन आलं होतं.

आता बघा, गप्प राहायला काय हरकत होती? खूण झाली होती. मार्क मिळाला होता. परीक्षेला आणतात त्या गाई धडधाकट असतात. शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा डावं अंडाशय नॉर्मलच निघणार. शिवाय अजून दुधाची परीक्षा बाकी होती, चारही सडांची, आणि वेळ काही तिच्या सासरचा नव्हता. कोणाला कळणार होतं? परीक्षकाला गायीच्या आतलं दिसत नाही, हे तर सगळ्यांनीच तिला सांगितलं होतं.

"थांबा," ती म्हणाली. "डाव्या अंडाशयाचं मी जे बोलले ते खोडा. मी ते तपासलेलं नाही. न तपासताच बोलले."

परीक्षकाने पहिल्यांदाच कागदावरून मान वर केली. "लिहिलेलं खोडता येत नाही," तो म्हणाला. "आता सांगाल ते त्याखाली लिहीन."

"लिहा. मी आता डावीकडे जातेय. थोडा वेळ मी बोलणार नाही."

तिने डोळे मिटले. आणि नेमकी तेव्हाच गायीला कळ आली. आतली आतडी आवळली आणि हात मनगटापाशी असा धरला गेला की बोट हलेना. अशा वेळी जोर करायचा नसतो; आतडं फाटतं आणि गाय जिवानिशी जाते. थांबायचं असतं. बाहेर गळ्यातलं घड्याळ चालत होतं आणि ती हात सैल सोडून थांबून राहिली. "गायीची कळ ओसरेपर्यंत थांबलेय," एवढंच म्हणाली. कळ ओसरली, पुन्हा आली, पुन्हा ओसरली. मग हात डाव्या शिंगाच्या कडेकडेने सरकत गेला आणि जे हवं होतं ते तिच्या बोटांत आलं. तिने ते नीट फिरवून पाहिलं.

"डावं अंडाशय आता हातात आहे," ती म्हणाली. "बदामाएवढं. गुळगुळीत. नॉर्मल."

तेच शब्द. परीक्षकाने ते लिहून घेतले. त्याच्या चेहऱ्यावरची माशीही हलली नाही.

मग ती दुधाच्या परीक्षेला बसली. चार खणांच्या ताटलीत दोन सडांचं दूध काढून झालं, तिसऱ्याला हात लावला, आणि तो म्हणाला, "वेळ संपली."

परतताना बसमध्ये तिने खिडकीला डोकं टेकलं. नापास झालो हे तिने मनाशी धरूनच टाकलं होतं, आणि त्याचं दुःख होतंच. पण त्याच्याखाली दुसरंच काहीतरी ढवळत होतं. आज आपण मोठ्याने बोललो म्हणून आपल्याला ऐकू आलं. गप्प असतो तर? इतकी वर्षं आपण डोळे मिटून, तोंड मिटून हात घालत आलो, आणि मनातल्या मनात कितीदा 'डावं ठीक' म्हणून हात बाहेर काढला असेल, हात तिथे गेला की नाही हे आपल्यालाही कळलं नसेल? तिने आठवून पाहिलं. असली गोष्ट आठवत नाही, हीच तर तिची गोम असते. हे लोक बोलायला का लावतात ते तिला बसमध्ये उमगलं. कोर्टासाठी नाही, परीक्षकासाठीही नाही. आपल्याला काय माहीत नाही ते आपल्या कानावर पडावं म्हणून. उत्तर सापडल्याचा तिला आनंद झाला आणि ते इतक्या महागात पडलं म्हणून रडूही आलं, आणि शेजारच्या माणसाने उगाच खिडकीबाहेर बघितल्यासारखं केलं.

घरी सासूबाईंनी चहा टाकला आणि सगळं ऐकून घेतलं. मधे एकदाही बोलल्या नाहीत, यावरूनच काय ते समजा.

"म्हणजे गाय खोड्यात, आणि तू त्यांना म्हणतेस खोडा," शेवटी त्या म्हणाल्या. "बरं, मग ते डावं निघालं कसं?"

"नॉर्मल."

"नॉर्मलच?"

"नॉर्मलच."

सासूबाईंनी कप खाली ठेवला. "अगं बाई, मग तू खरंच बोलली होतीस की. बरोबर ते बरोबरच होतं. कशाला ते उकरायला गेलीस? दोन सडांचं दूध राहिलं त्या नादात."

"बरोबर होतं, आई," ती म्हणाली. "पण मी बोलले तेव्हा मला ते माहीत नव्हतं."

सासूबाईंना ते पटलं की नाही देव जाणे. त्या उठल्या, लोडाची चेन लावली, तो सोफ्यावर नीट ठेवला आणि त्याला पाठ टेकून बसल्या.

निकाल आला तो दवाखान्यात, ती एका म्हाताऱ्या कुत्र्याचं डोकं धरून उभी असताना. फोन खिशात वाजला. दोन्ही हात गुंतलेले. तरुण डॉक्टर म्हणाला, "बघा, मी थांबतो." ती म्हणाली, "आधी याची नस धरा." नस मिळाली, औषध गेलं, कुत्रा टेबलावरून उतरून शेपूट हलवत गेला, आणि मग तिने फोन काढला. गायीत पास. किती मार्कांनी, कशामुळे, त्या दोन सडांचे किती कापले आणि त्या डाव्या अंडाशयाचं काय केलं, यातलं मंडळ काहीही कळवत नाही. नुसतं पास. तिने ते तरुण डॉक्टरला दाखवलं, आणि तो माणूस तिच्यापेक्षा जास्त नाचला. ती आतल्या खोलीत गेली आणि टॉवेलांच्या ढिगात तोंड खुपसून मोठमोठ्याने रडली. मग तोंड धुऊन पुढच्या मांजराचे पाय धरायला आली, कारण परवाना हातात यायला अजून महिना होता.

परवाना आला. शहराबाहेरच्या गोठ्यांकडे जायला डॉक्टर हवाच होता. तिकडे ती लागली. पहिल्याच आठवड्यात एका मालकीणबाईचा निरोप आला. म्हातारी, एकटी, सहा गाई. त्यातली जी सगळ्यात लाडकी ती वर्षभर फळत नव्हती. पुन्हा फळणार नसेल तर विकून टाक, असं तिच्या मुलाने तिला ठणकावलं होतं. आधी येऊन गेलेल्या डॉक्टरने सगळं नॉर्मल आहे म्हणून सांगितलं होतं.

डॉक्टरबाईने मोजा चढवला आणि हात आत घातला. मालकीणबाई गायीच्या मानेशी, एक हात तिच्या कपाळावर ठेवून उभी राहिली.

"गर्भाशयाचं तोंड ठीक आहे," डॉक्टरबाई म्हणाली. "गर्भाशय ठीक आहे. उजवं अंडाशय ठीक आहे. आता डावीकडे जातेय."

मग ती गप्प झाली. म्हातारीचा हात गायीच्या कपाळावर थांबला.

"डॉक्टर," ती म्हणाली, "बरं आहे ना सगळं?"

तो शब्द ओठांवर तयार होता. नॉर्मल. म्हातारीला तोच ऐकायचा होता, गायीला तो ऐकून काही फरक पडणार नव्हता, आणि जुन्या साहेबांच्या हिशेबाने तर अशा वेळी काहीच बोलायचं नसतं.

"अजून मला माहीत नाही," डॉक्टरबाई म्हणाली. एवढ्या वर्षांत कुठल्याही मालकाला ती हे बोलली नव्हती. "हाताला काहीतरी लागतंय. ते काय आहे ते कळायला थोडा वेळ लागेल. कळलं की सांगते."

आता ही घाबरणार, रडणार, असं तिला वाटलं. पण म्हातारीने कोपऱ्यातली बादली आणली, पालथी घातली, गायीशेजारी तिच्यावर बसली आणि म्हणाली, "लागू दे वेळ. मला कुठे जायचंय."